अंगठ्याचं नख

आमच्या कारखान्यात ‘झालं’ हा शब्द एकाच माणसाच्या मालकीचा होता. स्वयंपाक झालाय असं वहिनी खुशाल म्हणू शकायची, माझं ऐकून झालंय असं दादा दिवसातून कितीदा तरी म्हणायचा, पण पेन झालं की नाही हे फक्त बाबा सांगणार.

कारखाना म्हणजे घराला चिकटलेली एक लांबट खोली. लाकूड फिरवून कातायचे दोन लेथ, एक मोठी खिडकी, भिंतीला लाकडाच्या तुकड्यांची मांडणी, आणि कितीही झाडलं तरी सगळीकडे भुसा. लाकडाची पेनं बनवण्याचा उद्योग बाबांनी सुरू केला. दादा ती विकतो, वहिनी डब्यांत भरते. मी फिनिशिंग करते. घासणं, चमकवणं, मेण लावणं, थोडक्यात शेवटचं सगळं. शेवटचा शब्द तेवढा सोडून.

त्या शब्दाचा एक थाट होता. बाबा चष्मा कपाळावर ढकलायचे, डोळे मिटायचे, पेन डाव्या हातात धरून हळूहळू फिरवायचे आणि उजव्या अंगठ्याचं नख त्यावरून न्यायचे. नख कुठेच अडलं नाही तर ‘झालं’. अडलं तर एक अक्षर न बोलता पेन माझ्याकडे परत. डोळे मिटायचे कारण त्यांच्या मते डोळा लबाड असतो, चकाकी दिसली की फसतो, नख फसत नाही. ते नख त्यांनी जरासं वाढवलेलं असायचं आणि बारीक कानसेने घासून गोल केलेलं. त्या हाताने ते बरणीचं झाकणसुद्धा उघडायचे नाहीत. आम्हा दोघा भावंडांचे झाले नसतील एवढे लाड त्या नखाचे झाले.

मला त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. लहानपणी मीही पेन्सिलीवरून नख फिरवून ‘झालं’ म्हणायचे आणि सगळे हसायचे. मोठेपणी कोणी हसत नव्हतं, कारण मोठेपणी मी म्हणायचं बंद केलं होतं.

मग मी रेझिन, म्हणजे ओतलं की घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक, आणलं. बाबा लाकूड निवडताना भोकं पडलेले, तडकलेले, कडा कुजलेले तुकडे बाजूला टाकायचे, ते जळणात जायचे. मला त्या तुकड्यांची हळहळ वाटायची. एवढे सुंदर डाग, वाकडेतिकडे खळगे, आणि सगळं चुलीत. मी ते तुकडे साच्यात ठेवून त्यांच्या खळग्यांत रंगीत रेझिन ओतायला लागले. रेझिन घट्ट झालं की अर्धं लाकूड आणि अर्धं काचेसारखं निळं किंवा हिरवं असा ठोकळा मिळतो. त्याला भोक पाडायचं, आत पितळी नळी बसवायची आणि लेथवर चढवायचं. पहिलं पेन बाबांनी हातात घेतलं आणि म्हणाले, “सडक्या लाकडाला दागिने घातलेस.” नंतर त्यांनी त्या पेनांना नावच ठेवलं, ठिगळं. दादाने मात्र ती दुकानांत दाखवली आणि लोकांनी उचलली. तेव्हापासून ठिगळं आमचं पोट भरतायत, पण नाव काही बदललं नाही.

या पेनांचा जोड म्हणजे माझ्या आयुष्याची डोकेदुखी. लाकूड मऊ, रेझिन कडक. पॉलिश पेपरच्या मागे बोट ठेवून घासलं तर बोट लाकडात दबतं, लाकूड जास्त झिजतं, आणि जोडावर बारीकशी पायरी तयार होते. डोळ्याला दिसत नाही, पण लिहिताना बोटाला सतत लागते. म्हणून मी कागदाच्या मागे लाकडाची सपाट पट्टी धरते. बाबांना ती पट्टी काही रुचली नाही. “पट्टी शाळेत,” ते म्हणायचे, “कारखान्यात बोट.” मी मान हलवायची आणि पट्टीनेच घासायची.

दुसरी गोष्ट याहून वाईट. रेझिनला चकाकी आणायला शेवटी पाण्याने घासावं लागतं आणि पाणी पिऊन लाकूड फुगतं. तेव्हा जोड अगदी सपाट लागतो. पेन वाळलं की लाकूड परत आकसतं आणि रेझिन पायरीसारखं वर राहतं. त्यामुळे घासून झालेली पेनं मी खिडकीशेजारच्या फळीवर ठेवून देते. त्यांना बसू द्यायचं, मग पुन्हा नख लावायचं, लागलं तर पुन्हा घासायचं. नख अर्थात माझंच, पण ते खासगी. अधिकृत नख बाबांचं.

एकदा मी तापाने अंथरुणात होते आणि दादाला घाई होती. मोठ्या दुकानाची मागणी, मालकीण कडक बाई. त्याने फळीवरची सगळी ठिगळं उचलली आणि बाबांपुढे ठेवली. बाबांनी डोळे मिटले, नख फिरवलं, एकामागून एक ‘झालं’, ‘झालं’. पेनं गेली. आणि थोड्याच दिवसांत तशीच्या तशी परत आली. मालकीणबाईंचा निरोप होता की जोड हाताला लागतो, गिऱ्हाइकांनी तोंडावर परत केली.

मी डबी उघडून एक पेन काढलं. नख लावायचीही गरज नव्हती, बोटानेच कळत होतं.

“ही फळीवरची होती,” मी म्हणाले. “अजून व्हायची होती.”

“बाबांनी झालं म्हटलं होतं,” दादा म्हणाला.

“मग बाबांचं चुकलं.”

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाबांच्या ताटात माती कालवली. बाबा तिथेच स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, “नख चुकत नाही. मुळात लाकडाचं आणि प्लॅस्टिकचं पटत नाही. मी आधीच सांगितलं होतं.”

झालं ते असं. नख चुकू शकत नाही, म्हणजे पेन चुकलं. पेन चुकलं म्हणजे ते बनवणारी चुकली. बाप-लेकाने संध्याकाळच्या चहाच्या आत सगळं ठरवूनही टाकलं. दादाच्या ओळखीचा एक पॉलिशवाला होता, तो पेनांवर सुपरग्लूचे थरावर थर चढवून काचेसारखी चकाकी आणायचा. जाड थर एकदा बसला की खाली लाकूड आहे की रेझिन, बोटाला काही कळत नाही. यापुढे ठिगळं त्याच्याकडे जाणार.

“आणि मी?” मी विचारलं.

“तू पॅकिंगला. वहिनीला मदत होईल,” दादा म्हणाला. वर समजुतीच्या सुरात, “तुझ्याही जिवाला आराम, धाकटे. किती ते घासायचं!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय आराम मागितला होता? ज्या जळणातून या घराचा उद्योग मी उभा केला, त्याच्या डब्या बांधायला मी जायचं? पण खरं सांगते, मला राग डब्यांचा नव्हता. पॉलिशवाल्याचाही नव्हता. राग याचा होता की त्या खोलीत माझ्या बोटांना काय कळतं हे कोणी एकदाही विचारलं नाही.

बाबांचं काय बिघडलंय ते मला आधीच समजलं होतं. वहिनी चहा स्टीलच्या पेल्यात द्यायची, उकळता. आम्ही सगळे पदराने, रुमालाने, बाहीने धरायचो. बाबा हल्ली उघड्या बोटांनी उचलायचे आणि निवांत धरून बसायचे. एकदा त्यांच्या तर्जनीला लाकडाचं कुसळ घुसलेलं मी पाहिलं, चांगलं खोल, आणि ते त्याच बोटाने वर्तमानपत्राची पानं उलटत होते. साखरेचं दुखणं त्यांना जुनंच. डॉक्टरांनी पायांबद्दल सांगितलं होतं, हातांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. नख मेलेलंच असतं, जाणवतं ते त्याच्या खालच्या बोटाला. आणि ते बोट आता बधिर होतं.

मी दादाला एकट्याला गाठून सांगितलं होतं, परत आलेल्या पेनांच्याही आधी.

“बाबांची बोटं बधिर झालीयत, दादा. त्यांना जोड कळत नाही.”

“तुझं डोकं फिरलंय का?” तो म्हणाला. “बाबांचं नख आहे ते! डबीतल्या कार्डावर छापलंय आपण!”

तेही खरंच. प्रत्येक डबीत एक कार्ड जातं, त्यावर अंगठ्याचं चित्र आणि खाली ओळ, ‘प्रत्येक पेन वडिलांच्या नखाखालून गेलेलं’. दादाची कल्पना. विकायला छान होती. पण छापल्यामुळे बोटांत जीव येत नाही.

बाबांना मी काही म्हणाले नाही. जिवावर यायचं. ज्या माणसाने आयुष्यभर एकाच नखाच्या जोरावर मान ताठ ठेवली, त्याला ते नख आता नुसतं नख आहे हे कसं सांगायचं? त्यामुळे मी वेगळंच केलं. मी माझं वाढवलं.

उजव्या अंगठ्याचं. थोडंसंच, आणि बाबांच्याच कानसेने ते गोल केलं. आता या घरात माझं एक नख वाढलेलं दिसलं असतं तर लगेच पंचायत बसली असती, म्हणून त्यावर मी वहिनीची लाल नेलपॉलिश लावली. वहिनीने पहिल्याच दिवशी पकडलं.

“एकाच बोटाची फॅशन, ताई? बाकीच्या नऊंनी काय घोडं मारलंय?”

“सुरुवात आहे,” मी म्हणाले.

तिने माझा हात उलटासुलटा करून पाहिला. नखाच्या गोल कडेवरून तिने स्वतःचं बोट फिरवलं. ती बाई डब्या भरते म्हणून तिला काही कळत नाही असं समजणारा माझा भाऊ खरंच भोळा आहे. जाताना ती म्हणाली, “रंग उडाला की सांगा. बाटली भरलेली आहे.”

पॅकिंगला मी गेले नाही. पॉलिशवाल्याकडे ठिगळांचा अर्धा माल गेला, अर्धा अजून फळीवर होता. तो मी लेथवर चढवला. दादा म्हणाला, “काय चाललंय?” मी म्हणाले, “काम.” दादा म्हणाला, “तुला सांगितलं होतं.” मी म्हणाले, “मी ऐकलं होतं.” लेथ सुरू असला की आमच्या खोलीत फार वाद घालता येत नाही, ही त्या यंत्राची एक मोठी सोय आहे.

मी पट्टी धरून घासलं. लेथ थांबवून लांबीच्या दिशेने घासलं. लाकडाची काळी धूळ फिक्या रेझिनवर बसते आणि रेझिनची पांढरी पूड लाकडाच्या छिद्रांत शिरते, म्हणून दर कागदानंतर ब्रशने सगळं झाडलं. पाणी लावलं ते फक्त रेझिनपुरतं, कापसाने, जपून. मग पेनं फळीवर ठेवली आणि त्यांना बसू दिलं. पुन्हा नख, पुन्हा पट्टी, पुन्हा फळी. शेवटी लाकडाला मेण आणि रेझिनला निव्वळ घासून घासून आलेली चकाकी. दोघांची चमक वेगळी राहते. लाकूड शांत दिसतं आणि रेझिन उजेड धरतं. मला ते तसंच हवं होतं. जाड थराखाली दोघांना कोंडून एकसारखं करायचं असेल तर मग लाकूड घ्यायचंच कशाला?

बाबा स्टुलावरून पाहायचे. एकदा म्हणाले, “एवढा हट्ट कोणाकडून आला?”

“घरातूनच मिळाला,” मी म्हणाले.

मालकीणबाई या वेळी माल पाहायला स्वतः येणार होत्या. दादाने खोली झाडून घेतली, खिडकीची काच पुसली, मधल्या टेबलावर जाड कापड अंथरलं आणि त्यावर पॉलिशवाल्याची पेनं ओळीने मांडली. लखलखत होती सगळी, त्यात वाद नाही. ओळ संपली तिथे मी माझी पेनं मांडली. दादाने दात आवळून विचारलं, “ही कशाला?” तेवढ्यात बाई दारात आल्या आणि त्याला हसावं लागलं.

मालकीणबाई ठेंगण्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, आणि चप्पल काढण्याआधीच टेबल पाहून झालेल्या. बसल्या, पाणी घेतलं आणि म्हणाल्या, “मागच्या वेळी मला गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागली. या वेळी मी इथून बघूनच नेणार.”

“बघा ना,” दादा म्हणाला. “तुमच्यासमोर बाबा प्रत्येक पेन तपासतील.”

मला कळलं की त्याने हा खेळ ठरवूनच मांडलाय. वडील, मिटलेले डोळे, नख. कार्डावरचं चित्र जिवंत करून दाखवायचं. मी जागची हलले नाही.

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला. चकाकणारी पेनं एकामागून एक त्यांच्या हातात गेली. ‘झालं.’ ‘झालं.’ बाई मान हलवत होत्या. मग ओळ संपली आणि माझं पहिलं पेन दादाने नाइलाजाने उचललं. “हे जुन्या पद्धतीचं आहे, बाबा,” तो हळूच म्हणाला. म्हणजे काय म्हणायचं ते सांगूनच टाकलं त्याने.

बाबांनी डोळे मिटूनच पेन घेतलं, फिरवलं, त्यावर नख नेलं. मग कपाळाला आठी घातली.

“जोड लागतोय,” ते म्हणाले. “हे नको.”

“कुठे लागतोय?” मी विचारलं.

आमच्याकडे बाबांना ‘कुठे’ असं कोणी विचारत नसे. पेन परत आलं की ते कुठे अडलं ते मी आपलं आपण शोधायचे, वर्षानुवर्षं.

“लागतोय म्हणून सांगितलं,” बाबा म्हणाले.

“बोट ठेवा, बाबा. लागतोय तिथे नख ठेवा. मला बघू द्या.”

“धाकटे!” दादा ओरडला.

“मी तुझ्याशी बोलत नाहीये.”

बाबांचा चेहरा लाल झाला. हट्टाला पेटलेला माणूस डोळे मिटून बसलेला असला की फार लहान दिसतो. त्यांनी पेन पुन्हा फिरवलं, नख पुढे नेलं, मागे आणलं, आणि मग एका जागी जोरात रोवलं.

“इथे.”

नख लाकडाच्या अगदी मधोमध होतं. निळं रेझिन तिथून चांगलं दोन बोटं लांब होतं. तिथे जोड नव्हताच. मी पाहिलं, दादाने पाहिलं, आणि मालकीणबाईंनी तर खुर्चीतून पुढे वाकून पाहिलं.

मला वाटलं होतं की त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. छे. मला रडू आलं. पण मी ते गिळलं, कारण मी रडले असते तर सगळ्यांनी मला समजावलं असतं आणि गोष्ट पुन्हा फळीवर गेली असती.

“डोळे उघडा, बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी उघडले. चष्मा खाली घेतला. आपल्याच नखाकडे ते बघत राहिले, परक्याची वस्तू चुकून खिशात आल्यावर माणूस बघतो तसे.

“बाहेरच्या माणसासमोर?” दादाचा आवाज चढला होता. “लाज नाही वाटत तुला? बाहेरच्या माणसासमोर बापाला?”

“घरातल्या माणसाला आधी सांगितलं होतं मी,” मी म्हणाले. माझाही आवाज चढला आणि मी तो उतरवला नाही. “तुला सांगितलं होतं की त्यांची बोटं बधिर झालीयत. तू म्हणालास माझं डोकं फिरलंय. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं सोडून तू त्यांना गिऱ्हाइकासमोर नाचवायला बसवलंस. मी ताप घेऊन पडले होते तेव्हा माझं अर्धवट काम उचलून विकलंस, आणि ते परत आल्यावर मला डब्या बांधायला पाठवलंस. मी जाणार नाही. हाकलायचं तर हाकल. पण माझं पेन कुठे चुकलंय ते मला बोट ठेवून दाखव, मग हाकल.”

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं लक्ष बाबांकडे होतं, बाबा काहीतरी म्हणतील म्हणून. बाबा अजून नखाकडेच बघत होते.

मालकीणबाईंनी माझं पेन उचललं, त्यावर आपलं नख फिरवलं, खांदे उडवले आणि खाली ठेवलं. “माझ्या हाताला काही लागत नाही,” त्या म्हणाल्या, “पण माझा हात काय कामाचा? मला पेनं हवीत, तुमचं भांडण नको. या घरात कोणाचं नख चालतं ते तुमचं तुम्ही ठरवा. तोवर मी चहा घेते.” आणि वहिनीने चहा आणलाही. बहुतेक दारामागेच पेले घेऊन उभी होती.

बाबांनी आपला पेला उचलला. उघड्या बोटांनी. वाफ निघत होती. मग ते थांबले, पेल्याकडे पाहिलं, आमच्या रुमालांकडे पाहिलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “नेलकटर आण.”

वहिनी जागीच उभी राहिली. “बाबा, नको,” दादा म्हणाला.

“आण म्हणतो ना.”

तिने आणलं. त्यांनी डाव्या हाताने ते उजव्या अंगठ्याला लावलं आणि दाबलं. टक्. पुन्हा सरकवलं, टक्. एवढ्या वर्षांचं लाडावलेलं नख भुशात पडलं आणि दिसेनासं झालं. मी तोंडावर हात धरला. मला ते नको होतं. मला हवं ते हेच होतं आणि तरी ते मला नको होतं, दोन्ही खरं आहे. बाबांनी अंगठा पुढे करून एकदा पाहिला. “बोटं गेली ते मलाही समजत होतं,” ते म्हणाले, “पण ‘झालं’ म्हणायचं बंद केलं असतं तर मग या खोलीत मी बसलो कशाला असतो?”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला. मी परत ठेवला.

मग त्यांनी माझा हात पकडून खाली ओढला, अंगठा उजेडात धरला आणि लाल रंगाखालची गोल कड पाहिली. “माझी कानस वापरलीस.”

“हो.”

“विचारलं नाहीस.”

“नाही.”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. “डोळे मीट आणि सांग.”

“मिटणार नाही,” मी म्हणाले.

“अगं, रीत आहे ती.”

“तुमची आहे. मी बघून सांगणार.”

आणि मी माझं पेन बाजूला ठेवून आधी पॉलिशवाल्याचं उचललं, त्यांनी ‘झालं’ म्हटलेलं. नख फिरवलं, सरळ सरकलं, कुठेच काही नाही. मग ते खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. काळ्या लाकडाच्या प्रत्येक छिद्रात न झाडलेली रेझिनची पांढरी पूड बसली होती आणि तिच्यावर काचेसारखा थर चढला होता. आता ती जन्मात निघणार नव्हती. मी ते बाईंपुढे धरलं, मग दादापुढे.

“कोंडा झाल्यासारखं दिसतंय,” वहिनी म्हणाली.

“हे नाही,” मी म्हणाले आणि पेन उलटं ठेवलं. पुढचंही नाही. त्याच्या पुढचंही नाही. दादा प्रत्येक वेळी डोळे मिटत होता, या घरात कोणीतरी मिटायला हवेत म्हणून असेल. मग मी माझी घेतली. पहिलं नखाखालून नेलं, लाकडावरून रेझिनवर, रेझिनवरून लाकडावर, उजेडात धरलं, पुन्हा नख नेलं. लागलं असतं तर मी लागतंय म्हणणार होते, मग काहीही होवो.

“झालं,” मी म्हणाले.

खोलीला काही झालं नाही. छप्पर जागच्या जागी राहिलं. दुसरं नखाखाली नेलं, तेही झालं. तिसऱ्याला टोपणाजवळ अगदी केसभर पायरी लागली. ते मी उलटं ठेवलं आणि म्हणाले, “हे अजून नाही. फळीवर.”

बाबांनी ते उचललं. नख नव्हतं, म्हणून चष्म्यातून डोळे बारीक करून पाहिलं. त्यांना काही दिसलं नसावं. तरी त्यांनी ते उठून स्वतःच्या हाताने खिडकीशेजारच्या फळीवर नेऊन ठेवलं.

बाईंनी झालेली पेनं नेली, उरलेली तयार होतील तशी पाठवा म्हणाल्या. घाई नाही असं मात्र म्हणाल्या नाहीत, कडक बाई ती. त्या गेल्यावर दादा कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन उभा होता. त्याच्याकडे पाहून मला दया आली, पण फार नाही.

“आता यांचं काय करायचं?” तो म्हणाला. “वडिलांचं नख छापलंय.”

“नवीन छापा,” वहिनी म्हणाली. “अंगठा ताईंचा. आणि नख लाल रंगवायचं, उठून दिसेल.”

“लाल नको,” बाबा स्टुलावरून म्हणाले. “कारखान्याला शोभत नाही. आणि धाकटे, तो रंग काढ आधी. रंगाखाली नख जाड होतं, बारीक जोड कळत नाही.”

मी लेथवर पुढचा ठोकळा चढवत होते. अंगठा वर करून मी तो त्यांना दाखवला.

“कळतो,” मी म्हणाले. “लालच राहील.”